वाटेत आडवा उभा

सोमवार, ५ फेब्रुवारी

भिंगरी,

वर आशीर्वाद लिहायला घेतले होते. पण सात वर्षं तोंड न उघडलेल्या माणसाचे आशीर्वाद तुला टोचतील, म्हणून ती ओळ गाळली. नुसतं भिंगरी. लहानपणी एका जागी बसायची नाहीस म्हणून मी ठेवलेलं नाव. ते वापरायचा हक्क मला अजून आहे की गेला, ते तू ठरव.

अक्षर बघून घाबरू नकोस. माझे डोळे आता कडेकडेनं बघतात. मधोमध धुकं आणि कडा स्वच्छ. माणूस समोर आला की त्याचे कान दिसतात, चेहरा नाही. तुझ्या आईनं एका पुठ्ठ्याला खाचा पाडून दिल्या आहेत. पुठ्ठा कागदावर ठेवायचा आणि खाचेतल्या खाचेत जाड पेनानं लिहायचं. एका पानावर सात ओळी बसतात. तेव्हा पाकीट जड लागलं तर माझी माया उतू चालली आहे असं समजू नकोस.

कामाचं बोलतो. तू आणि आई फोनवर बोलता तेव्हा मी टीव्हीचा आवाज बारीक करून त्याच्यासमोर बसतो. तिला वाटतं मी बातम्या बघतोय. मला बातम्या दिसत नाहीत हे एव्हाना तिच्या लक्षात यायला हवं होतं. तर मी ऐकलं. तिकडच्या बस खात्यात कंट्रोल रूमच्या जागेसाठी तुझी निवड झाली आहे. एकतीस मार्चच्या आत त्यांना तुझी जुनी कागदपत्रं हवी आहेत. आणि आपल्या डेपोतल्या तुझ्या सेवापुस्तकात शेरा आहे, ‘घरगुती कारणावरून कर्तव्यात अडथळा आणला’ असा. तो शेरा आहे तोवर तिकडचे तुला घेणार नाहीत. तू आईला म्हणालीस, ‘बाबांना सांगू नकोस.’ तिनं सांगितलेलं नाही. तिच्यावर चिडू नकोस.

त्या शेऱ्याचं मी काय करणार? डेपो काही माझ्या मालकीचा नाही. सात वर्षांपूर्वीचे कागद कुठल्या कपाटात कुजत पडले असतील कुणास ठाऊक. असा विचार करून मी दोन दिवस गप्प बसलो. आज बसवेना म्हणून पुठ्ठा पुढे ओढला.

बाकी सांगायचं म्हणजे, मला नोकरी लागली आहे. हसू नकोस. ऐकायची नोकरी. खालच्या मजल्यावर एक बाई राहायला आल्या आहेत, भाषांतर करणाऱ्या. ज्यू लोकांचे जुने धर्मग्रंथ आणि त्यापुढचे ख्रिस्ती लोकांचे, यांत जिथे जिथे देवदूत आणि सैतान येतात त्या गोष्टींचं एक पुस्तक त्या साध्या भाषेत करत आहेत. या कामाची एक रीत असते म्हणे. मजकूर लिहून झाला की ज्यानं ती गोष्ट जन्मात ऐकलेली नाही अशा माणसाला वाचून दाखवायची, आणि त्यानं ती आपल्या शब्दांत परत सांगायची. तो जिथे चुकेल तिथे दोष त्याचा नाही, भाषांतराचा. बाईंना असा एक कोरा माणूस हवा होता. आईनं मला हजर केलं.

चुकलो तरी दोष माझा नाही, अशी नोकरी आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली आहे.

बाबा


गुरुवार, १५ फेब्रुवारी

भिंगरी,

पहिलं पत्र पोचल्याचं आईकडून कळलं. ‘अक्षर एवढं मोठं का?’ एवढंच तू विचारलंस म्हणे. कारण तर पहिल्याच पानावर दिलं होतं. म्हणजे तू पत्र वाचलं नाहीस, किंवा वाचलंस आणि आईला ते कळू द्यायचं नाही. दोन्ही खोडी माझ्याकडूनच आल्या आहेत, तेव्हा तक्रार नाही.

काल बाईंनी गाढवीची गोष्ट वाचली. ही ज्यू लोकांच्या ग्रंथातली, फार जुनी. नावं माझ्या लक्षात राहत नाहीत म्हणून मी त्या माणसाला गाढवीवाला म्हणतो. मोठा जाणता माणूस. इतरांना न दिसणारं त्याला दिसतं अशी ख्याती, आणि त्यानं दिलेला शाप हमखास लागतो. एक राजा त्याला बोलावणं धाडतो, अमुक लोकांना शाप दे म्हणून. हा आपल्या गाढवीवर बसून निघतो. देवाला ते पटत नाही. इथे बाईंनी वाचलं की देवाचा दूत त्याच्या वाटेत आडवा झाला. दूत गाढवीला दिसतो, पण या जाणत्याला दिसत नाही. गाढवी वाट सोडून शेतात शिरते, मार खाते. पुढे दोन भिंतींमधून जाताना अंग चोरते, त्याचा पाय भिंतीला घासतो, पुन्हा मार. तिसऱ्यांदा सरकायलाही जागा नसते, तेव्हा ती मटकन खाली बसते. तिसऱ्यांदा मार.

‘आता तुम्ही सांगा,’ बाई म्हणाल्या.

मी सांगितलं. दूत बिचारा लांबून आलेला, दमला असणार, वाटेतच आडवा झाला. गाढवीला तो दिसला. झोपलेल्याच्या अंगावर पाय कसा द्यायचा, म्हणून ती बाजूनं गेली. पुढे बघते तर हा परत आडवा. तिसऱ्या वेळी वैतागून तीही त्याच्या शेजारी बसली.

बाईंनी चष्मा टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग त्या जे हसायला लागल्या ते थांबेनात. डोळे पुसत म्हणाल्या, ‘अहो काका, झोपला नाही तो! आडवा आला. वाट अडवली त्यानं.’

‘मग आडवा आला असं लिहा.’

‘पण तो उभा आहे हे त्यात येत नाही ना. हातात उपसलेली तलवार आहे त्याच्या. आडवा उभा राहिला, असं करू का?’

‘बाई, एक तर आडवा, नाहीतर उभा. एकच माणूस दोन्ही कसा असेल?’

यावर आमचा अर्धा तास मोडला. शेवटी त्यांनी जागा रिकामी सोडली आणि पुढचं वाचलं. मग गाढवी बोलते. मालकाला म्हणते, आजवर तू माझ्याच पाठीवर बसत आलास, मी असं कधी वागले आहे का? तो म्हणतो, नाही. आणि मग त्याचे डोळे उघडतात आणि समोर तलवार दिसते.

मला त्या गाढवीचं फार वाटलं. चौतीस वर्षं मी गाड्या हाकल्या. एखादी गाडी बोलली असती तर हेच बोलली असती.

मग बाईंनी सहज सांगितलं. त्या जागी मूळ भाषेत जो शब्द आहे तो ‘सातान’. आपण सैतान म्हणतो तोच. पण तेव्हा ते कुणाचं नाव नव्हतं. जो वाट अडवतो, विरोधात उभा राहतो, तो सातान. साध्या माणसालाही म्हणत. इथे तर देवाचा दूतच त्या माणसाला सातान म्हणून उभा राहिला.

मी म्हटलं, ‘म्हणजे देवदूताचा सैतान झाला?’

‘झाला नाही काका. त्या वाटेवर त्याचं काम तेवढं होतं.’

मी चहा न घेताच वर आलो. आईनं विचारलं तेव्हा पोट बरं नाही म्हणालो.

पोट बरं होतं. मला डेपोचं गेट आठवलं. सकाळची पावणेसातची चौदा नंबर, गाडी भरलेली, आणि गेटात तू मधोमध, दोन्ही हात पसरून. मी तीनदा हॉर्न वाजवला. तू हलली नाहीस. ‘बाबा, खाली उतरा. तुम्हाला दिसत नाही,’ म्हणालीस. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडलो, ‘हट सैतान!’ चाळीस माणसांनी ऐकलं. पोटच्या पोरीला मी तो शब्द वापरला, आणि त्याचा अर्थ मला काल कळला.

तो शब्द मी मागे घेतो. एवढं लिहायला सात वर्षं लागली. खरं तर शब्द घेतलेला बरा की ठेवलेला बरा, हेही आता कळेनासं झालं आहे.

बाबा


शुक्रवार, २३ फेब्रुवारी

भिंगरी,

एक गोष्ट मी मागच्या पत्रात लिहिली नाही. आजही लिहीन की नाही, सांगता येत नाही. आधी बाईंचं सांगतो.

या आठवड्यात त्यांनी वरच्या दरबाराची गोष्ट काढली. देव बसलेला, त्याच्यापुढे सगळे दूत हजेरीला आलेले, आणि त्यांच्यात सैतानही. मी तिथेच थांबवलं. म्हटलं, ‘हा आत आला कसा? दारावर कुणी नव्हतं का?’

‘तो बाहेरचा नाहीच काका. नोकरीतलाच आहे. या गोष्टीत तर ते नाव नाही, हुद्दा आहे. आरोप करणारा. पृथ्वीवर हिंडायचं आणि कोण कसा वागतो त्याची खबर द्यायची.’

‘म्हणजे आमचा फिरता तिकीट तपासनीस.’

बाईंनी ते लिहून घेतलं. पुस्तकात घालणार नाहीत, पण त्यांना आवडलं. तर देव म्हणतो, माझा अमका भक्त बघितलास का, किती सज्जन! तपासनीस म्हणतो, सगळं छान चाललंय म्हणून सज्जन आहे, काढून घे म्हणजे कळेल. आणि त्या बिचाऱ्याचं सगळं जातं. गुरंढोरं, मुलंबाळं, शेवटी अंगभर फोड. याला मी फोडवाला म्हणतो. तपासनीस खोटं काही बोलत नाही, फक्त शंका काढतो. एका शंकेवर केवढं झालं!

दुसरी गोष्ट लहानशी. एक मोठा पुजारी देवाच्या दूतापुढे उभा आहे, अंगावर मळके कपडे. आरोप करणारा त्याच्या उजव्या हाताला उभा. पण त्याला तोंड उघडायच्या आधीच गप्प केलं जातं, आणि पुजाऱ्याला स्वच्छ कपडे देतात. काय आरोप होता ते शेवटपर्यंत कळत नाही.

मी विचारलं, ‘उजव्या हाताला का?’

‘आरोप करणाऱ्याची जागा ती. न्यायाच्या वेळी तो तिथे उभा राहायचा.’

मग ख्रिस्ती ग्रंथ. बाई म्हणाल्या, तिथवर येईपर्यंत हुद्द्याचं नाव झालं. तो शत्रू झाला. आकाशातून विजेसारखा कोसळला. मी म्हटलं, नोकरीतून काढला म्हणा. त्या म्हणाल्या, तसं म्हणा हवं तर, पण जुना हुद्दा काही सुटला नाही त्याचा, शेवटच्या ग्रंथातही त्याची ओळख भावंडांवर अहोरात्र आरोप करणारा अशीच आहे. मी विचारलं, खरे आरोप की खोटे? त्या म्हणाल्या, ‘जुन्या गोष्टींत तसं सांगितलेलं नाही. पण पुढे त्याला आणखी एक नाव मिळालं. खोट्याचा बाप.’

‘आता तुम्ही सांगा,’ म्हणाल्या.

मला येईना. मी सुरुवात केली, एक खोली होती, टेबलामागे तीन साहेब बसले होते. बाई म्हणाल्या, ‘तीन कुठे काका? एकच देव आहे.’ मी म्हटलं, बरोबर, चुकलो. परत सुरुवात केली. एक मुलगी उभी होती, तिच्या उजव्या हाताला... बाईंनी वही मिटल्याचा आवाज आला. त्या काही विचारत नाहीत. हा त्यांचा फार चांगला गुण आहे, आणि त्या दिवशी मला त्याचाच राग आला.

आई विचारते आहे, रोज एवढं काय लिहिता. देवदूतांबद्दल लिहितो म्हणालो. खोटं नाही ते.

बाबा


रविवार, ३ मार्च

भिंगरी,

आज काही राखून ठेवत नाही.

तू गाडी अडवलीस त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी, बाजाराच्या वळणावर, छत्रीवाला एक म्हातारा पट्ट्यांवरून रस्ता ओलांडत होता. मला तो दिसला आणि मग दिसेनासा झाला. मधल्या धुक्यात गेला. त्या दिवसांत रस्त्यावरचा पांढरा पट्टाही मला मधेच वाकलेला दिसायचा, दिव्याचे खांब कमरेत मोडलेले. मी ते वयावर घालत होतो. डावा आरसा त्या माणसाच्या खांद्याला लागला. तो पडला, उठला, त्यानं मला शिव्या घातल्या. कंडक्टर मागे तिकिटं फाडत होता, त्याला कळलंही नाही. मी गाडी पुढे काढली. पुढच्या स्टॉपवर माझे हात स्टिअरिंगवरून सुटेनात.

आरसा तडकलेला बघून तू विचारलंस. मी म्हटलं, फांदी लागली. महिनाभर तू माझ्यामागे होतीस, डोळे दाखवा, डोळे दाखवा. वर्तमानपत्र मी मान तिरकी करून वाचतो हे घरात फक्त तुझ्या लक्षात आलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेटात उभी राहिलीस. एवढं तुलाही ठाऊक आहे. म्हाताऱ्याचं ठाऊक नव्हतं, ते आज सांगितलं.

आता चौकशीचं. तो जबाब तुला कधी दाखवला नाही, तू मागितलाही नाहीस. तीन साहेब, टेबलासमोर तू, कपड्यांवर गेटचं ग्रीस. तुझ्या उजव्या हाताला मी. साहेबांनी विचारलं, मुलीनं असं का केलं असेल? माझ्यासमोर दोन उत्तरं होती. एकात माझी गाडी जात होती, दुसऱ्यात तुझी नोकरी. मी म्हटलं, ‘साहेब, हिचं लग्न मी मोडलं म्हणून हिचा माझ्यावर राग आहे. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नसतं. माझे डोळे ठणठणीत आहेत.’

तुझं लग्न मी मोडलं नव्हतं. तुला तो मुलगा पसंत नव्हता आणि तू नाही म्हणालीस, घरात सगळ्यांना चालेल अशा रीतीनं. त्यात राग नव्हता, भांडण नव्हतं. मी ते तिथे बसल्याबसल्या तयार केलं. साहेबांनी माना डोलावल्या. तरुण मुलगी, लग्नाचा विषय, त्यांना आणखी काही ऐकायची गरज राहिली नाही. तू माझ्याकडे बघत होतीस. मला तेव्हा चेहरे थोडेफार दिसत असत. तुझा दिसला.

त्यांनी तुला कंट्रोल रूममधून काढून लांबच्या गोदामात टाकलं, तू राजीनामा दिलास आणि शहर सोडलंस. दोन महिन्यांनी वार्षिक तपासणीत मी नापास झालो. गाडी गेलीच. तेव्हा तरी मी जाऊन सांगायला हवं होतं. उलट मी घरी येऊन म्हणालो, तिच्या अभद्र बोलण्यानं झालं हे, या दारात पाय ठेवू देणार नाही तिला. लोकांना वाटलं, बाप दुखावला आहे. मी घाबरलेला होतो. तू आलीस तर बोलशील म्हणून.

मागे लिहिलं होतं, शब्द मागे घेतो म्हणून. तो शब्द त्या खोलीत माझा होता, भिंगरी. बाईंनी सांगितलेल्या सगळ्या अर्थांनी.

हे मी गुरुवारी आईला सांगितलं. तिचं काय झालं ते तुला सांगायला हवं. तिनं गॅस बंद केला आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. जेवायला वाढायची, पाणी ठेवायची, तेवढंच. काल म्हणाली, ‘सात वर्षं मी फोनवर तिलाच समजावत होते. बाबांची माफी माग म्हणून. ती एकदाही म्हणाली नाही हो, की माझी चूक नाही.’ आणि रडली. मग म्हणाली, ‘डेपोत कधी जायचं ते सांगा. मी येते.’

बाबा


मंगळवार, १२ मार्च

भिंगरी,

जाऊन आलो. आपला डेपो आता ओळखू येत नाही, निदान कडांवरून तरी. मॅनेजर म्हणून एक तरुण मॅडम आहेत. मी म्हटलं, सात वर्षांपूर्वी खोटा जबाब दिला होता, तो बदलायचा आहे. त्यांना वाटलं म्हातारा चुकून इकडे आला. मग हेडक्लार्कनं मला ओळखलं. तोच, ज्याच्याशी माझं सुट्ट्यांवरून कायम वाजायचं. म्हणाला, ‘अरे, ही तर चौदा नंबर!’ आणि फाइल काढून दिली. कागद कुजलेले नव्हते.

मॅडमनी माझा जुना जबाब मोठ्यानं वाचला. स्वतःचं खोटं परक्या, स्वच्छ आवाजात ऐकणं ही शिक्षाच आहे. आई शेजारी बसून ऐकत होती. मग मी छत्रीवाल्या म्हाताऱ्याचंही सांगितलं.

मॅडम म्हणाल्या, ‘काका, परत एकदा विचार करा. तुम्हाला चौतीस वर्षं बिनअपघात सेवेचं सन्मानपत्र मिळालंय. त्या म्हाताऱ्यांचं तुम्ही लिहून दिलंत तर ते परत घ्यावं लागेल. आणि तुमच्याही रेकॉर्डवर शेरा येईल.’

मी पिशवीतून सन्मानपत्र काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं. सकाळीच भिंतीवरून उतरवलं होतं. फ्रेमसकट. आता भिंतीवर त्याच्या आकाराचा पांढरा चौकोन राहिला आहे, असं आई म्हणते. शूरपणा म्हणून सांगत नाही. ठेवताना जिवावर आलं होतं. तेवढा एक कागद मी मिरवत आलो होतो.

मंगळवारी, एकोणीस तारखेला, अकरा वाजता सुनावणी आहे. तुलाही नोटीस येईल. यायची सक्ती नाही, मॅडमनी सांगितलं. तू आलीस किंवा नाही आलीस, मी जे बोलायचं ते बोलणार आहे. ये म्हणत नाही. तो अधिकार मला नाही.

बाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी वहीची पानं मागे उलटली. मग म्हणाल्या, ‘त्या रिकाम्या जागेचं काय करू?’ मी म्हटलं, आडवा उभा राहिला असंच ठेवा. मी ऐकताना चुकलो होतो. माणूस दोन्ही असू शकतो, मी बघितलं आहे.

बाबा


बुधवार, २० मार्च

भिंगरी,

काल काय झालं ते तुला लिहितो. आता असं लिहिणं हास्यास्पद आहे, तरी लिहितो.

तीन माणसं होती टेबलामागे. मॅडम मधे असाव्यात, आवाज तिथून येत होता. मला खुर्ची दिली, मी उभाच राहिलो. जाण्याआधी आईला विचारलं होतं, आली आहे का? ती म्हणाली, चला तुम्ही आत. मी समजलो, आली नाहीस.

मग मी बोललो. म्हातारा, छत्री, आरसा, फांदी. लग्नाची गोष्ट मी बनवली, असं स्पष्ट सांगितलं. तिचं डोकं ठिकाणावर होतं, त्या डेपोत त्या दिवशी तेवढं एकच ठिकाणावर होतं, असंही म्हणालो. एका साहेबांनी विचारलं, ‘इतक्या वर्षांनी का?’ मी म्हटलं, ‘साहेब, तिनं माझी गाडी नसती अडवली तर त्या सकाळी बाजाराच्या वळणावर कुणीतरी मेलं असतं. ते कोण, ते मला कधीच कळणार नाही. त्या माणसाच्या वतीनं आलो आहे.’ हे काही ठरवून गेलो नव्हतो. बोलता बोलता आलं.

हेडक्लार्कनं जबाब वाचून दाखवला. मी म्हटलं, बरोबर आहे. त्यानं माझं बोट धरून सहीच्या जागेवर ठेवलं. मॅडमनी तिथल्या तिथे सांगितलं, शेरा रद्द. दुरुस्त केलेला उतारा सोमवारपर्यंत तुझ्या तिकडच्या खात्याला जाईल. एकतीस तारखेला अजून वेळ आहे. तू रुजू हो.

बाहेर आलो तेव्हा पायऱ्यांपाशी कुणीतरी माझं कोपर धरलं. मला वाटलं शिपाई. बरा होता बिचारा, ओढत नव्हता, पायरी आली की नुसता हात जरा खाली करायचा म्हणजे मला कळायचं. चालता चालता मी त्याच्याशी बोलत होतो. म्हटलं, ‘भाऊ, माझी मुलगी आली नाही. बरंच झालं. ती असती तर मला एवढं बोलता आलं नसतं. तिच्यासमोर माझी जीभ टाळ्याला चिकटली असती.’ तो काही बोलला नाही. मी म्हटलं, ‘तिला मी फार वाईट बोललो होतो हो. तिच्यासारखी मुलगी दहा गावांत शोधून मिळायची नाही, हे तिला कधी सांगितलं नाही.’ कोपरावरचा हात तेव्हा जरा घट्ट झाला. मला वाटलं, पुढे खड्डा असेल.

स्टॉपवर त्यानं हात करून बस थांबवली. मला पुढच्या सीटवर बसवलं, आईला शेजारी. मी म्हटलं, ‘थँक यू, भाऊ. तुझं भलं होवो.’

बस सुटली. दोन स्टॉप गेले, चार गेले. घरी येऊन चप्पल काढताना आई म्हणाली, ‘भाऊ काय, भाऊ? पोर होती ती आपली. सुनावणीत पूर्ण वेळ तुमच्या मागच्या बाकावर बसली होती. मी हाक मारणार होते, तिनं तोंडावर बोट ठेवलं.’

मी तिथेच दारात बसलो.

तुला राग असेल म्हणून बोलली नाहीस, की रडू येईल म्हणून, ते मला माहीत नाही. आईला विचारलं, ती म्हणाली, तुम्हीच विचारा तिला. म्हणून विचारतो आहे. मला चेहरे दिसत नाहीत, भिंगरी. तुझा हात मी सात वर्षांत विसरलो, ही माझी चूक. पण तुझा आवाज मी विसरलेलो नाही. पुढच्या वेळी काहीतरी बोल. शिवी दिलीस तरी चालेल.

बाबा